हँडग्रिपने बीपी उतरवायचंय? मग दाबत बसू नका, धरून ठेवा

माझं बीपी पहिल्यांदा १४६/९२ निघालं तेव्हा डॉक्टरांनी नेहमीचं सगळं सांगितलं, चाला, मीठ कमी करा, झोप नीट घ्या, आठवडाभर घरी मोजून आकडे आणून दाखवा, आणि मी उठत असताना तेच म्हणाले की हँडग्रिपचा व्यायाम पण करून बघा. मी त्यातलं फक्त "हँडग्रिप" एवढंच डोक्यात ठेवलं. व्ही आकाराची स्प्रिंगवाली ग्रिप आणली आणि महिनाभर टीव्हीसमोर बसून कुर्र-कुर्र दाबत राहिलो, शंभर उजव्याने, शंभर डाव्याने. हाताला घट्टे पडले, घरच्यांना त्या आवाजाचा वीट आला, बीपी मात्र ढिम्म हललं नाही. पुढच्या वेळी गेलो तर डॉक्टरांचा एकच प्रश्न, "एका वेळी किती मिनिटं धरून ठेवता?"

धरून? मी तर नुसता दाबून सोडत होतो.

नवीन माणूस ९० टक्के वेळा इथेच फसतो असं माझं मत झालंय, कारण ग्रिप हातात आली की हात आपोआप पंप मारायला लागतो. बीपीसाठी जो व्यायाम सांगतात तो पंप मारायचा नाहीये. तो आयसोमेट्रिक प्रकारचा आहे, म्हणजे स्नायू ताणलेला पण हालचाल शून्य. हलक्या जोराने मूठ आवळायची आणि तशीच दोन मिनिटं धरून ठेवायची. बस. ऐकायला फालतू वाटतं, करून बघितल्यावर कळतं.

याने बीपी का उतरतं

मूठ आवळून धरली की पुढच्या हाताचे स्नायू फुगतात आणि स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर दाब देतात, रक्त थोडं अडतं. दोन मिनिटांनी सोडलं की अडलेलं रक्त एकदम धावत येतं. हे तुम्हाला दिसेल सुद्धा, सोडल्यावर तळहाताकडे बघा, आधी पांढुरका पडलेला असतो आणि मग बघता बघता लाल होतो, गरम लागतो, बोटांत झिणझिण्या आल्यासारखं होतं. हा जो रक्ताचा लोंढा येतो तो वाहिनीच्या आतल्या अस्तरावर घासत जातो आणि ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्याने वाहिनी सैल पडते. हे आठवड्यातून तीनदा, दोन-अडीच महिने झालं की वाहिन्यांना सैल राहायची सवय लागते, शिवाय शरीराची जी "धाव नाहीतर लढ" वाली मज्जासंस्था सतत आवळून बसलेली असते ती पण जरा शांत होते, आणि बसल्या जागचं बीपी खाली येतं.

एक गोष्ट मात्र उलटी आहे. धरून ठेवलेलं असताना त्या दोन मिनिटांत बीपी वर जातं. म्हणून व्यायाम चालू असताना किंवा संपल्या संपल्या दुसऱ्या हाताला कफ लावून मोजू नका, उगाच पोटात गोळा येईल.

आकडे हवे असतील तर, १९९२ साली वायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास आला, त्यात आपल्या पूर्ण जोराच्या साधारण ३० टक्के जोर, दोन मिनिटं, चार वेळा, आठवड्यात तीन दिवस, आठ आठवडे असा क्रम होता आणि आजही बहुतेक ठिकाणी हाच क्रम सांगतात. २०१७ च्या अमेरिकन गाइडलाइनमध्ये बीपी असलेल्यांना याने वरचा आकडा साधारण ५ पॉइंटने उतरू शकतो असं दिलंय. पुढे २०२३ मध्ये २७० अभ्यास एकत्र करून एक मोठं विश्लेषण आलं, त्यात आयसोमेट्रिक व्यायामांनी सरासरी वरचा ८ आणि खालचा ४ पॉइंट उतरलेला दिसला, चालणं-धावणं-सायकल या प्रकारच्या व्यायामाने वरचा साडेचारच्या आसपास. पण हे ८ पॉइंट एकट्या हँडग्रिपचे नाहीत हं, त्यात भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसायचा वॉल स्क्वॉट पण आहे आणि वरच्या आकड्याच्या बाबतीत तोच पहिला आला. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी तो पण बघावा. माझे नाहीत, म्हणून मी मुठीवर आहे.

५-८ पॉइंट म्हणजे काय मोठं, असं मला पण वाटलं होतं. पण औषधांच्या अभ्यासांवरून एवढं दिसलंय की वरचा आकडा ५ ने उतरला तरी हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे मोठ्या घटना साधारण १० टक्क्यांनी कमी होतात. फुकटात मिळत असेल तर घ्यावं की.

आधी हे वाचा, मग ग्रिप हातात घ्या

शांत बसलेलं असताना बीपी १८०/११० च्या वर असेल तर हा व्यायाम आत्ता तुमच्यासाठी नाही, आधी डॉक्टर. हल्लीच हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक येऊन गेलेला, महाधमनीला फुगवटा असलेला, डोळ्याच्या पडद्याचा त्रास किंवा नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, गरोदर बाई, हर्निया असलेला माणूस, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही. मनगटाच्या नसेचा त्रास, बोटांच्या सांध्यांना सूज असेल तरी विचारा, दोन महिने आवळून दुखणं वाढवून घेण्यात अर्थ नाही. आणि आकडा १८०/१२० च्या वर जाऊन सोबत छातीत दुखणं, धाप लागणं, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूला कमजोरी असं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवून सरळ इमर्जन्सीत जा.

गोळ्या चालू असतील तर त्या चालूच. आमच्या मामांनी तिसऱ्या आठवड्यात चांगले आकडे बघून स्वतःच गोळी बंद केली, चांगले आकडे गोळीमुळे पण होते हे लक्षातच घेतलं नाही, पंधरा दिवसांत पुन्हा १६० च्या वर. गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही फक्त वही घेऊन जा.

पहिली पायरी: एक आठवडा नुसतं मोजा

व्यायाम सुरू करायच्या आधी सात दिवस सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून लिहून ठेवा. हे न करता सुरू केलंत तर दोन महिन्यांनी फरक पडला की नाही ते सांगता येणार नाही. मोजायची रीत अशी: अर्धा तास आधी चहा-कॉफी, सिगरेट, व्यायाम काही नाही. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकवून बसा, पाय जमिनीवर, एकावर एक टाकायचे नाहीत. पाच मिनिटं गप्प. हात टेबलावर, कफ छातीच्या पातळीला, उघड्या दंडावर, शर्टाच्या बाहीवर नाही. मग एक मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग. मोजताना बोलायचं नाही, हे सगळ्यात जास्त मोडलं जातं, कारण नेमकं तेव्हाच कोणीतरी "किती आलं?" विचारतं.

कफचा साइज दंडाला बरोबर बसणारा हवा, लहान कफने आकडा उगाच जास्त येतो. मनगटावरच्या मशीनपेक्षा दंडावरचं घ्या.

पहिल्या दिवसाचे आकडे टाकून द्या, उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा. तो तुमचा सुरुवातीचा आकडा. घरचं मोजलेलं सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर ते जास्त धरतात, अमेरिकेतले १३०/८० लाच जास्त म्हणतात. एखाद्या रीडिंगवर जाऊ नका, तासाभरात ८-१० पॉइंट इकडे तिकडे होतच असतात.

दुसरी पायरी: कोणती ग्रिप

सगळ्यात सरळ काम डिजिटल हँडग्रिप डायनॅमोमीटरचं, स्क्रीनवर किती किलोचा जोर चाललाय ते सतत दिसतं, त्यामुळे ३० टक्के म्हणजे ३० टक्के. परवडत असेल तर डोळे झाकून हेच घ्या. बीपीसाठी खास बनवलेली यंत्रं पण असतात, ती स्वतःच तुमचा जोर मोजून टाइमर लावतात आणि पकड सैल झाली की बीप मारतात.

दुसरी, आटा फिरवून जोर कमी-जास्त करता येणारी स्प्रिंग ग्रिप. यावरचे किलोचे आकडे अंदाजे असतात, पण चालतं. साधी, एकाच जोराची कडक ग्रिप घेऊ नका, माझी तीच होती, ती पूर्ण मिटवायलाच माझा जवळजवळ सगळा जोर लागायचा, मग दोन मिनिटं धरणार कशी. मऊ बॉल किंवा टॉवेलची गुंडाळी सवय लावायला पहिले आठ-दहा दिवस ठीक, पण त्यात मोजमाप काहीच नाही आणि माणूस नकळत सैल सोडत जातो.

तिसरी पायरी: तुमचा पूर्ण जोर किती

डायनॅमोमीटर असेल तर ताठ बसा, कोपर अंगालगत आणि काटकोनात, मनगट सरळ. श्वास सोडत सोडत तीन सेकंद होईल तेवढा जोर लावून आवळा, आकडा लिहा. एक मिनिट थांबा, पुन्हा. असं तीनदा, त्यातला सगळ्यात मोठा आकडा घ्या. दुसऱ्या हाताचं वेगळं. समजा उजव्याचा ३० किलो आला तर त्याचे ३० टक्के म्हणजे ९ किलो, डाव्याचा २६ आला तर पावणेआठ-आठ. हे एवढं हलकं बघून सगळ्यांना वाटतं की याने काय होणार. वाटू द्या.

मीटर नसेल तर अंदाजाने काढायचं. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे जीव खाऊन, अशा मापावर सुरुवातीला तीन वाटेल एवढा जोर घ्या. दोन मिनिटं होईपर्यंत तोच जोर पाच-सहासारखा वाटायला लागला पाहिजे. मिनिटभरातच हात थरथरायला लागला तर जास्त होतोय, आटा सैल करा. दोन मिनिटांनंतर पण गप्पा मारत अजून चार मिनिटं धरू शकता असं वाटलं तर कमी आहे.

स्प्रिंग ग्रिपवाल्यांना एक युक्ती सांगतो. आटा हलका लावायचा, दोन दांड्यांच्या टोकांमध्ये एक नाणं पकडायचं आणि ते पडू द्यायचं नाही. नाणं पडलं की पकड सैल झाली, एवढं साधं. माझं पहिल्या दिवशी तिसऱ्या फेरीत ५० व्या सेकंदाला पडलं, आणि तेव्हा पहिल्यांदा या प्रकाराबद्दल आदर वाटला.

चौथी पायरी: एक सेशन

दोन मिनिटं धरायचं, मग आराम, असं चार वेळा. आराम एक मिनिटाचा पण चालतो, पण नवीन असाल तर दोन-तीन मिनिटं घ्या. सगळं मिळून ११ ते १७ मिनिटं. हात आलटून पालटून करा, डावा-उजवा-डावा-उजवा, नाहीतर चारही फेऱ्या एकाच हाताने, दोन्ही पद्धतींवर अभ्यास झालेत. मी आलटून करतो कारण एका हाताला मधे जास्त आराम मिळतो. चार म्हणजे एकूण चार, प्रत्येक हाताचे चार नाहीत, हे मी आईला तीनदा सांगितलंय.

बसायचं खुर्चीत, हात टेबलावर किंवा मांडीवर टेकवून, मनगट सरळ, खांदा खाली. फोनवर टाइमर लावा, मनात मोजायच्या भानगडीत पडू नका, मनातलं मिनिट ४० सेकंदांचं असतं. पहिली फेरी अगदी आरामात जाते. दुसरीत साधारण दीड मिनिटाला कोपराच्या खाली, हाताच्या आतल्या बाजूला जळजळ सुरू होते. तिसरी फेरी खरी. ८० व्या सेकंदापासून करंगळी सुटायला बघते, बाकीची बोटं तिचं काम घ्यायला लागतात, डायनॅमोमीटर असेल तर ९ चा आकडा ८ आणि मग साडेसात होताना दिसतो, तेव्हा सावकाश पुन्हा ९ वर आणायचं, झटका देऊन १४ वर नाही. याच वेळी खांदा कानाकडे चढतो, जबडा आवळला जातो, दुसऱ्या हाताची मूठ पण वळते. हे सगळं सैल सोडायचं, काम फक्त एका पंजाला.

आणि श्वास. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथेच धोका आहे. जोर लावताना श्वास रोखून धरायची माणसाची सवयच असते, आणि श्वास रोखून ताण दिला की बीपी जोरात उसळतं, आपल्याला बरोबर तेच नकोय. आई करत होती तेव्हा मी बघितलं, शेवटची २० सेकंद ती गाल फुगवून, ओठ मिटून, एकटक भिंतीकडे बघत बसलेली. म्हटलं आई श्वास घे, तर म्हणे "घेतेय की", आणि हे सांगायला तोंड उघडलं तेव्हाच घेतला. मग उपाय काढला की दोन मिनिटं मोठ्याने आकडे मोजायचे किंवा समोरच्याशी बोलत राहायचं, बोलणारा माणूस श्वास रोखूच शकत नाही. एकटे असाल तर काहीतरी गुणगुणा. हे पटवून घ्या, बाकी सगळं थोडं इकडे तिकडे झालं तरी चालेल.

छातीत दुखलं, गरगरलं, डोकं ठणकायला लागलं, हृदय वेडंवाकडं धडधडलं तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना कळवा. पुढच्या हाताची जळजळ नॉर्मल आहे. मनगटात टोचणं, बोटं बधिर होऊन दहा मिनिटांनी पण तशीच राहणं नॉर्मल नाही.

पाचवी पायरी: आठवड्याचं गणित

आठवड्यात तीन दिवस, मधे एक दिवस सुट्टी. रोज केलं तर तिप्पट फायदा होईल असं समजून पहिल्या आठवड्यात सात दिवस करणारे असतात, मग कोपर दुखतं आणि तिसऱ्या आठवड्यात ग्रिप ड्रॉवरमध्ये. वेळ कोणतीही चालेल, पण बीपी मोजायच्या आधी अर्धा तास तरी करू नका. मी आधी मोजतो, लिहितो आणि मग ग्रिप घेतो, गोंधळच नको.

दर दोन-तीन आठवड्यांनी पूर्ण जोर पुन्हा मोजा. पकड सुधारली की ३० टक्के पण बदलतात, ३० चे ३४ झाले तर ९ वरून १० वर जायचं. मीटर नसेल तर तो तीन ते सहाचा अंदाज पुन्हा तपासायचा.

वहीत चार रकाने पुरे: तारीख, सकाळचं बीपी, संध्याकाळचं बीपी, आणि सेशन केलं की नाही. पाचवा रकाना मी "काय वेगळं झालं" असा ठेवलाय, रात्री झोप नाही झाली, भांडण झालं, खारट खाल्लं, सर्दीचं औषध घेतलं असं काहीबाही. सर्दीतल्या नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांनी आणि अंगदुखीच्या काही गोळ्यांनी बीपी चढतं, हे मला त्या पाचव्या रकान्यामुळेच सापडलं.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत आकडे बघून निराश होऊ नका, बऱ्याचदा काहीच दिसत नाही. आठ ते दहा आठवडे झाले की पुन्हा एक पूर्ण आठवडा पहिल्यासारखं मोजा, पहिला दिवस टाका, सरासरी काढा, आणि आता दोन सरासऱ्या शेजारी ठेवा. माझी १४३/९० वरून १३७/८७ झाली होती. त्यात चालणं आणि कमी मीठ पण होतं, सगळं श्रेय मी मुठीला देणार नाही. काही लोकांना हात लोखंडी होतो पण बीपीत काही फरक पडत नाही, तसं झालं तर अजून जोरात आवळण्याऐवजी डॉक्टरांशी बोलून दुसरा मार्ग धरा. उलट गोळ्या चालू असताना आकडे फारच खाली जायला लागले, वरचा १०० च्या आसपास, उठताना डोळ्यांसमोर अंधारी येतेय, तरी फोन करा, डोस जास्त होत असेल.

चालणं सोडायचं नाही यामुळे. आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ हे आपल्या जागी आहेच, ग्रिपने वजन उतरत नाही की दम वाढत नाही.

बंद केलं की काय होतं? काही आठवड्यांत मिळालेला फायदा ओसरतो. म्हणजे हे औषधासारखंच आहे, चालू ठेवायचं. प्रवासात किंवा आजारपणात आठवडा गेला तर तिथूनच पुढे सुरू करा, भरपाई म्हणून एका दिवसात आठ फेऱ्या करू नका. महिना गेला असेल तर पूर्ण जोर नव्याने मोजून घ्या आणि पहिल्या आठवड्याला आराम तीन-तीन मिनिटांचा ठेवा.